जुन्या साडीची वाकळ घरच्या घरी: पहिल्या घडीपासून गोटापर्यंत

आमच्याकडे सातारा-कोल्हापूरकडे हिला वाकळ म्हणतात, बाकी महाराष्ट्रात गोधडी. नाव कुठलंही घ्या, वस्तू एकच: अंगावर वापरून वापरून मऊ झालेलं कापड, थरावर थर ठेवून धावदोऱ्याने एकजीव केलेलं. नवं कापड आणून, मध्ये स्पंज भरून मशीनवर मारलेली रजाई ही वेगळी गोष्ट. तीही छान असते, पण इथे मी हाताने शिवायच्या वाकळेबद्दलच लिहिणार आहे. ती पहिल्यांदा करणाऱ्यालाही जमते, तिला मशीन लागत नाही आणि खर्च दोऱ्यापुरताच येतो.

आजीची एक वाकळ वरून फाटली म्हणून मी ती उसवायला घेतली होती. वरचं लुगडं निघालं, खाली धोतराचा थर निघाला आणि त्याखाली चक्क दुसरी, तिच्याहून जुनी वाकळ निघाली, विरलेली पण टाके शाबूत. तिच्यात निळ्या शर्टाचा एक तुकडा होता. सगळा शर्ट विटून राखाडी झालेला, पण छातीवर एक चौकोन गडद निळा. तिथे खिसा होता. खिसा उसवून काढला तेव्हा त्याच्या खालचं कापड उन्हापासून वाचलेलं होतं. शर्ट आजोबांचा की काकांचा, हे सांगणारं आता घरात कुणी नाही. मला हुरहुर लागली ती या गोष्टीची. म्हणून वाकळ शिवताना मी आता सोबत एक वहीही करते, तिच्याबद्दल शेवटी सांगते.

पहिली वाकळ केवढी करावी

लहान करा. डबल बेडची वाकळ घेऊन बसलेल्या किती जणींची अर्धी शिवलेली गाठोडी मी माळ्यावर पाहिली आहेत. पहिल्या खेपेला एका सहावारी साडीची चौघडी घाला. साडी साधारण साडेपाच मीटर लांब असते आणि तिचा पन्हा ४५ इंचांच्या आसपास. लांबीत दोनदा घडी घातली की चार थरांचं, सुमारे ५४ इंच बाय ४५ इंचांचं पांघरूण तयार होतं. लहान मुलाला पुरतं, मोठ्या माणसाला दुपारी सोफ्यावर पायांवर घ्यायला पुरतं आणि मांडीवर घेऊन शिवताना जड होत नाही. कापाकापीही नाही. पुढे मोठी करायची झाली, तर साडीचे तुकडे मशीनवर जोडून, म्हणजे दंड घालून, हवा तेवढा थर करता येतो.

कापड निवडणं

इथे घाई करू नका, कारण वाकळेचा मऊपणा आणि टिकाऊपणा दोन्ही इथेच ठरतात. सुतीच कापड घ्या. जुनी सुती साडी, धोतर, पंचा, मांजरपाटाचा परकर, कॉटनचे कुर्ते आणि झबली हे सगळं चालतं. सिंथेटिक साडी घेऊ नका. ती सुईखाली सरकते, घाम शोषत नाही आणि सुती थरासोबत धुतली की एक आकसतं, दुसरं तसंच राहतं. मग वाकळेला फुगे येतात.

कापड सुती आहे की नाही अशी शंका असेल, तर कडेचे दोन-चार धागे ओढून काढा, चिमट्यात धरून वॉशबेसिनवर पेटवून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचाच येतो आणि बोटांनी चुरली की मऊ राख होते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी धरतं. मिश्र कापडात राखही होते आणि मणीही लागतो. ते बाजूला ठेवलेलं बरं.

मग कापडात जीव किती उरलाय ते पाहायचं. साडी खिडकीसमोर धरा. जिथे उजेड जास्त येतो, तिथे ती विरली आहे. दोन्ही हातांत धरून हलका ताण द्या. फर्र आवाज आला तर तो भाग पांघरुणाच्या बाहेरच्या बाजूला नको, आत चालेल. बहुतेक साड्या खोचायच्या जागी आणि निऱ्यांच्या तळाशी आधी जातात. काठ मात्र शेवटपर्यंत टिकतात, कारण तिथली वीण घट्ट असते. म्हणून पार संपलेल्या साडीचेही काठ कापून ठेवा, गोटाला, म्हणजे वाकळेच्या कडेने लावायच्या पट्टीला, लागतील. जरीचे काठ मात्र नकोत, मुलांच्या अंगाला टोचतात.

फॉल, हुक, बटणं, इलॅस्टिक, सगळं काढून टाका. शिवणीच्या जाड कडा कापून टाका, नाहीतर सुई तिथे अडते.

धुणं आणि रंगाची परीक्षा

माझी पहिली वाकळ याच पायरीला बिघडली. लाल साडीखाली पांढऱ्या धोतराचा थर घातला होता आणि रंग तपासला नव्हता. महिनाभर बसून शिवली आणि पहिल्याच धुण्यात धोतर गुलाबी झालं, तेही डागाडागांनी. त्यानंतर मी एकही कापड न तपासता घेतलं नाही.

तपासायची रीत सोपी आहे. पांढरा रुमाल ओला करून कापडावर जोरात घासा. रंग लागला तर ते कापड एकटं, बादलीभर साध्या पाण्यात तासभर भिजवा, पाणी बदला, पुन्हा भिजवा. चार-पाच पाण्यांनंतरही पाणी रंगीतच राहत असेल तर ते कापड वापरू नका, कितीही आवडतं असलं तरी. मीठ किंवा तुरटी घातली की रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, पण सुटणारा रंग त्याने थांबेल या भरवशावर महिन्याभराची मेहनत ठेवू नका. लाल, मरून आणि गडद निळा या रंगांवर विशेष नजर असू द्या.

खळ असेल तर ती पूर्ण निघू द्या. मग कडक उन्हात वाळवा आणि इस्त्री करा. गावाकडे वाकळा उन्हाळ्यात शिवतात. शेतात काम कमी असतं हे एक कारण, आणि दुसरं हे की कापड खडखडीत वाळलेलं असतं. पावसाळ्यात दमट कापडाचे थर शिवून बंद केले, तर आत कुबट वास धरतो आणि तो जाता जात नाही.

सामान

सामान थोडं लागतं. भरतकामाची, मोठ्या नेढ्याची ६ किंवा ७ नंबरची सुई घ्या. सुईचा नंबर वाढत जातो तशी सुई बारीक होत जाते, हे लक्षात ठेवा. दाभण नको, त्याने मऊ कापडाला भोकं पडतात. मधल्या बोटाला अंगुस्तान हवंच. पहिले दोन दिवस ते अडचणीचं वाटेल, पण त्याशिवाय पाच थरांतून सुई ढकलताना बोटाला घट्टा पडतो. टेलरिंगचा खडू, लांब पट्टी, धारदार कात्री, टाचण्या. टाचण्या मोजून घ्या आणि आकडा लिहून ठेवा, शेवटी तो लागणार आहे.

दोरा सुतीच हवा. भरतकामाच्या सहा पदरी दोऱ्याचे तीन पदर वेगळे करून वापरले की टाका उठूनही दिसतो आणि कापडात रुततही नाही. किती लागेल त्याचा हिशेब असा: पाऊण इंचाच्या अंतराने ओळी घातल्या, तर ४५ इंचांत ६० ओळी बसतात. प्रत्येक ओळ ५४ इंचांची, म्हणजे ८० मीटरच्या वर शिलाई. टाक्यांची उंचसखल, गाठी आणि उरलेली टोकं धरून १०० मीटर दोरा घरात असू द्या. ८ मीटरची एक लडी तीन पदरी केली की १६ मीटर होते, म्हणजे सात लड्या पुरतात. एकाच वेळी आणा, नंतर तीच छटा मिळेलच असं नाही.

ठिगळं लावणं

नुसत्या साडीची चौघडी शिवली तरी चालते. पण वाकळेची खरी मजा तिच्या ठिगळांत आहे. मुलाचं पहिलं झबलं, आईच्या साडीचा पदर, बाबांचा चौकड्यांचा शर्ट, हे सगळं वर येतं ते ठिगळ होऊन.

पूर्ण पृष्ठभाग ठिगळांनी भरायचा तर साडेचार इंचांचे १२० चौकोन लागतील. पहिल्या वेळी एवढे नको. वीस-पंचवीस पुष्कळ झाले. पुठ्ठ्याचा ५ इंचांचा चौकोन कापून घ्या आणि तो कापडावर ठेवून खडूने आखा. चौकोनाच्या कडा कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्याला समांतर ठेवा. तिरका कापलेला तुकडा हातात असतानाच ताणला जातो आणि नंतर कधीच सरळ बसत नाही. चारही कडा पाव इंच आत दुमडून इस्त्रीने दाबा, साडेचार इंचांचं ठिगळ तयार.

आता साडीची घडी घालून बघा. पहिल्या घडीत साडी निम्मी होते. दुसऱ्या घडीत कुठली बाजू बाहेर ठेवायची ते आपल्या हातात असतं. जी कमी विरलेली, ती बाहेर घ्या. वरच्या थराच्या चार कोपऱ्यांना खुणा करा, साडी पुन्हा उलगडा आणि तेवढ्याच भागावर ठिगळं मांडा. मांडणी झाली की लगेच शिवू नका. मोबाइलमध्ये फोटो काढा आणि एक रात्र तशीच राहू द्या. सकाळी बघितलं की कुठे दोन गडद रंग शेजारी आलेत, कुठे एक कोपरा रिकामा राहिलाय, ते चटकन दिसतं. शंकरपाळ्यासारखे तिरके ठेवलेले चौकोनही सुंदर दिसतात. मन भरलं की टाचण्या लावा, प्रत्येक ठिगळ कडेने बारीक टाक्यांनी तुरपून घ्या.

थर अंथरणं

फरशी पुसून कोरडी करा. साडीची चौघडी अंथरा आणि मधून कडेकडे तळहात फिरवत प्रत्येक थरातली सुरकुती काढा. हे चारही थरांना वेगवेगळं करायचं आहे, फक्त वरच्याला नाही. वरचे थर उचलून खालचे नीट करा, मग ते परत टाका. आजी कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा आणि दोन तांबे ठेवायची. फ्लॅटमध्ये जाड पुस्तकं चालतात, किंवा कडा चिकटपट्टीने फरशीला चिकटवून टाका.

मग कच्चा टाका. हाताशी असेल तो कुठलाही दोरा घ्या, फक्त वाकळेच्या रंगात मिसळणारा नको, कारण तो नंतर शोधून काढायचा आहे. दोन-दोन इंचांचे लांब टाके, ओळीत वीतभर अंतर. सुरुवात मध्यापासून करायची आणि बाहेर जायचं, आधी उभ्या ओळी, मग आडव्या. कडेपासून आत आलात तर सगळी ढिलाई मधोमध साचते. या कामाला तासभर लागतो, कंटाळाही येतो, आणि नेमका म्हणूनच तो अनेक जणी गाळतात. गाळू नका. पाठ उलटी करून बघाल तेव्हा तिथे चुण्या पडल्या आहेत की नाही, हे या एका तासावर ठरतं.

धावदोरा

दोरा खांद्यापासून बोटांपर्यंत पोचेल एवढाच घ्या. त्याहून लांब घेतला की गुंता होतो आणि कापडातून इतक्या वेळा ओढला जाऊन झिजतो. मेणाच्या तुकड्यावरून एकदा फिरवून घेतला की गाठी कमी पडतात. टोकाला बारीक गाठ मारा. सुरुवातीच्या जागेपासून इंचभर अलीकडे सुई वरच्या थरात घाला, सुरुवातीच्या जागी बाहेर काढा आणि दोऱ्याला हलका झटका द्या. गाठ टक्कन आत जाते आणि थरांच्या पोटात बसते. हा बारीक टक् आवाज एकदा कानाला कळला की गाठ बसली की नाही ते बघावंही लागत नाही.

पट्टीने खडूच्या तीन-चार ओळीच आखा, साठ एकदम नको, पुसल्या जातात. पहिली ओळ मध्यातून घाला. एका इंचात चार टाके हे नवख्या हाताला झेपणारं माप आहे. टाके अगदी बारीक नसले तरी चालतील, पण सारखे हवेत. डावा हात खाली ठेवा, सुईचं टोक खालच्या बोटाला जाणवलं की परत वर वळवा. म्हणजे टाका सगळ्या थरांतून गेला याची खात्री होते. सुईवर तीन-चार टाके गोळा करा, मग अंगुस्तानाने ढकला. दोरा ओढताना कापड गोळा होईल इतका ताण नको. प्रत्येक ओळ संपली की त्या ओळीवरून अंगठा दाबत न्या, चुणी असेल तर ती सुटते.

ओळी सरळ असाव्यात हा हट्ट मी सोडला आहे. पट्टीने आखलेल्या आणि थोड्या हललेल्या, दोन्ही ओळी धुतल्यावर सारख्याच सुरेख दिसतात. टाक्यांच्या मधे कापड किंचित फुगतं, पाण्यावर तरंग उठावेत तसं. वाकळेचा पोत तो हाच.

सरळ ओळींऐवजी कडेने आत-आत जाणारे चौकोनही पुष्कळ ठिकाणी घालतात. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात आफ्रिकी वंशाचा सिद्दी समाज राहतो, तिथल्या बायका त्यांची गोधडी, म्हणजे कवंदी, अशीच करतात: कडेने सुरुवात, एकेक तुकडा जोडत, शिवत, फिरत फिरत मध्यापर्यंत, आणि चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेले छोटे तिकोनी तुकडे, ज्यांना त्या फुला म्हणतात. तुकडे लावणं आणि शिवणं तिथे एकाच वेळी चालतं. हात बसला की तो प्रकार जरूर करून बघा. पहिल्या वेळी मात्र मध्यातून निघालेल्या सरळ ओळीच सोप्या.

माझ्या हाताला एका ओळीला दहा-अकरा मिनिटं लागतात. रोज पाऊण तास बसलं तर दोन आठवड्यांत साठ ओळी होतात. सुरुवातीला तुम्हाला याच्या दीडपट वेळ लागेल असं धरा. पाठ टेकून बसा. जमिनीवर बसायची सवय असेल तर वाकळेच्या न शिवलेल्या भागावरच बसा. आपल्याच वजनाने कापड ताठ राहतं, गावाकडे अशाच बसतात. संध्याकाळच्या अपुऱ्या उजेडात गडद कापडावर गडद दोरा शिवू नका, डोळे दुखतात आणि टाकेही चुकतात.

गोट

ओळी संपल्या की चारही कडा पट्टीने सरळ आखून कापा. कच्चा टाका अजून काढू नका. आता बाजूला ठेवलेला काठ घ्या. या वाकळेचा घेर सुमारे पाच मीटर आहे आणि एका साडीचा काठ साडेपाच मीटरचा, त्यामुळे एक काठ चारही बाजूंना पुरतो आणि कोपऱ्यांना वळायलाही उरतो. काठ तीन इंच रुंद कापा. सुलट बाजू वाकळेच्या सुलट बाजूवर ठेवून, कडेपासून अर्ध्या इंचावर धावदोरा घाला. इथे टाके जवळजवळ असू द्या, मशीन असेल तर इथे जरूर वापरा. कोपऱ्याशी अर्धा इंच आधी थांबा, पट्टी काटकोनात वळवून घडी घाला आणि पुढच्या बाजूला लागा. मग पट्टी मागे उलटवा, कड आत दुमडा आणि तुरपून टाका. इरकलीचा काठ असेल तर त्याला तोड नाही, फक्त रंग आधी तपासलेला असू द्या.

आता कच्चा टाका उसवा आणि टाचण्या मोजा. आकडा जुळला नाही तर जुळेपर्यंत शोधा. पूर्ण वाकळेवरून लोहचुंबक फिरवा आणि दोन्ही तळहातांनी चाचपून घ्या. पांघरूण मुलासाठी असेल तर यात सूट नाही. आणि तान्ह्या बाळाला वाकळ अंथरायला द्या. झोपेत तोंडावर येईल असं सैल पांघरूण नको.

वही

जाड पानांची साधी वही घ्या. प्रत्येक कापडाचा दोन बोटं रुंद तुकडा कापा आणि पानाला गोंदाने न चिकटवता दोन टाक्यांनी शिवा. गोंद काही वर्षांनी पिवळा पडतो, त्याचे डाग कापडावर येतात आणि कसरही लागते. शेजारी पेन्सिलने लिहा: कापड कुणाचं, कधीचं, कुठून घेतलेलं, आणि त्याच्याशी जोडलेली एखादी गोष्ट. आईला, मावशीला शेजारी बसवून लिहा. साडीचा तुकडा हातात दिला की माणसं आपोआप बोलू लागतात. माझ्या आईला एका जांभळ्या काठावरून तिच्या पहिल्या नोकरीचा पगार आठवला, रुपयांसकट.

त्या साडीतला कुणाचा फोटो असेल तर मूळ फोटो न लावता त्याची प्रत काढून लावा. वही प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, आत दमटपणा धरतो. सुती कापडात गुंडाळून, वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून ठेवा. वाकळेच्या मागच्या कोपऱ्यातही हातभर नको, तीन बोटांची पट्टी लावा आणि तिच्यावर टीप घालून नाव आणि साल काढा. वही हरवली तरी तेवढं राहील.

धुणं आणि डागडुजी

पहिले दोन-तीन वेळा एकटीच धुवा, साध्या पाण्यात, सौम्य साबणाने. पिळू नका, तळहातांनी दाबून पाणी काढा आणि दोन दोऱ्यांवर आडवी पसरून वाळत घाला, म्हणजे ओल्या वजनाने ताणली जात नाही. परदेशात असाल आणि ऊन नसेल, तर ड्रायरपेक्षा टॉवेलवर सपाट पसरून वाळवणं जुन्या कापडाला मानवतं. आमच्याकडे घट बसायच्या आधी घरातल्या सगळ्या वाकळा धुऊन निघतात. वर्षातून एकदा तेवढं धुणं आणि अधूनमधून ऊन दाखवणं पुरतं.

वाकळ आधी फाटते ती हनुवटीखाली येणाऱ्या कडेला. तिथे जुन्या धोतराची वीतभर रुंद पट्टी लांब टाक्यांनी नुसती अडकवून ठेवा, मळली की उसवून धुता येते. मधे कुठे विरलं तर फाटण्याची वाट न बघता वरून ठिगळ ठेवा आणि जुन्या ओळींच्याच रेषेत धावदोरा घाला. माझ्या वाकळेला आजवर अशी तीन ठिगळं लागली. तिन्हींच्या नोंदी वहीत आहेत, आणि चौथ्यासाठी बाबांचा एक झब्बा धुऊन, रंग तपासून, कपाटात बाजूला ठेवला आहे.